किल्ले, देवस्थानं आणि समुद्र : पुलियाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पुलियावर चार ओळी लिहिल्या काय आणि प्रश्नांचा पाऊस पडला. ज्यांना नकाशा डोळ्यासमोर येत नाहीये त्यांच्यासाठी सांगते, इटलीच्या बुटाची टाच आणि तिच्या वरचा भाग म्हणजे पुलिया, मुख्य शहर बारी. बरेचसे प्रश्न एकसारखेच होते म्हणून एकत्र केलेत, नावं मुद्दाम छापली नाहीत.

प्रश्न : ताई, आमच्याकडे आठ दिवस आहेत. गार्गानो, कास्तेल देल मोन्ते, अल्बेरोबेल्लो, माटेरा, लेच्चे, ओत्रांतो आणि शेवटी दोन दिवस बीच असं सगळं बसवलंय. एजंट म्हणतो आरामात होईल. होईल का?

एजंटला काय, तो थोडीच तुमच्याबरोबर गाडीत बसणार आहे! अहो पुलिया लांबलचक आहे, वरच्या टोकाचं व्हिएस्ते ते खालच्या टोकाचं लेउका हे अंतर साडेतीनशे-चारशे किलोमीटरच्या घरात जातं आणि वरच्या टोकाच्या डोंगराळ गार्गानोचे रस्ते म्हणजे नुसती वळणं, तिथे तुमचं गूगल जे सांगतं त्यात निदान अर्धा तास तरी मिळवा. वर दुपारी एक-दीड ते साडेचार-पाचपर्यंत छोट्या गावांत दुकानं बंद, बरीच चर्चेस बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, म्हणजे दिवसातले तीन-चार तास तसेही हातातून गेले.

माझं सरळ मत सांगू? दोनच मुक्काम करा, आणि उत्तर किंवा दक्षिण यातलं काहीतरी एक निवडा. उत्तर घेतलीत तर बारी किंवा त्रानीला राहून कास्तेल देल मोन्ते आणि आसपासचं, मग गार्गानोत मोंते सांतांजेलो, व्हिएस्ते आणि तिथलेच बीच. दक्षिण घेतलीत तर अल्बेरोबेल्लोच्या (शंकूसारख्या छपरांच्या घरांचं गाव) आसपास कुठेतरी दोन-तीन रात्री आणि बाकी लेच्चे, तिथून ओत्रांतो साधारण ४५ किलोमीटर. माटेरा खरं तर पुलियात नाहीच, शेजारच्या बासिलिकातात आहे, पण बारीहून जाऊन येता येतं आणि कड्यात कोरलेली ती घरं बघण्यासारखी आहेत, म्हणून त्यासाठी एक दिवस खर्च करायला माझी ना नाही. सगळंच हवं असेल तर सुट्टी वाढवा, नाहीतर गाडीच्या काचेतून ऑलिव्हची झाडं मोजत बसाल.

आणि झाडांवरून आठवलं, लेच्चेच्या खाली गेलात की मैलोन्मैल करड्या, वाळून कोळ झालेल्या ऑलिव्हच्या बागा दिसतील. आग लागलीये असं वाटतं पण आग नाही, झायलेला नावाच्या जिवाणूचा रोग आहे, २०१३ मध्ये तिथे सापडला आणि लाखो झाडं गेली. ब्रोशरमध्ये हे कोणी छापत नाही, आधी माहीत असलेलं बरं.

प्रश्न : आमच्या ह्यांना किल्ल्यांचं वेड. कास्तेल देल मोन्तेचे फोटो बघून म्हणाले, ना तटबंदी ना खंदक, हा कसला किल्ला? एवढ्या लांब जाऊन तोंड वाकडं करतील का?

ह्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे अभ्यासकसुद्धा याच प्रश्नावर इतकी वर्षं भांडतायत! खंदक नाही, उचलता पूल नाही, फौज राहील अशी जागा नाही. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट फ्रेडरिक दुसरा याने १२४० च्या सुमारास हा बांधायला घेतला, इमारत अष्टकोनी, तिच्या आठ कोपऱ्यांवर आठ बुरूज आणि ते बुरूजही अष्टकोनी, मधलं अंगण अष्टकोनी, खाली आठ खोल्या वर आठ खोल्या. शिकारीचा महाल, सत्तेचं प्रदर्शन, आकाशाचं गणित, ज्याला जे सुचेल ते तो म्हणतो. गूढ-बिढ सांगणाऱ्या गाइडला फार मनावर घेऊ नका, पण अंगणात मधोमध उभं राहून वर बघाच, आठ बाजूंनी कापलेलं आकाश दिसतं.

ह्यांना आधी फ्रेडरिकबद्दल थोडं वाचायला द्या, मग तोंड वाकडं होणार नाही. सिसिलीत वाढलेला माणूस, अरबी विद्वानांशी उठबस, पोपने बहिष्कृत केलेला, आणि तशा अवस्थेत १२२९ मध्ये लढाई न करता, नुसत्या वाटाघाटी करून जेरुसलेम मिळवलं. बहिरी ससाण्यांच्या शिकारीवर त्याने स्वतः ग्रंथ लिहिलाय. १२५० मध्ये तो वारला तोसुद्धा पुलियातच.

आत गेल्यावर भिंती उघड्याबोडक्या दिसतील. कधीकाळी संगमरवर होता, तो शतकानुशतकं लोकांनी काढून नेला, शेवटी १८७६ मध्ये इटली सरकारने वास्तू विकत घेतली. जे उरलंय त्यात मुख्य दरवाजाची लालसर दगडी चौकट हात लावून बघण्यासारखी (म्हणजे, हात लावू देणार नाहीत, पण जवळून बघा). जाण्याआधी खिशात एक सेंटचं इटालियन नाणं असेल तर काढून ठेवा, त्यावर हाच किल्ला आहे. गाडी वरपर्यंत जात नाही, खाली पार्किंग आणि तिथून शटल.

आणि खराखुरा लढाऊ किल्ला हवाच असेल तर त्रानीला न्या, त्याच फ्रेडरिकचा, समुद्रात पाय बुडवून बसलेला, १९७४ पर्यंत चक्क तुरुंग होता. चालत दहा मिनिटांवर त्रानीचं कॅथेड्रल, फिकट दगडाचं, तेही अगदी पाण्याच्या काठाला. संध्याकाळचं ऊन त्याच्यावर पडतं तेव्हा तिथे असा, बाकी काही चुकलं तरी चालेल. लुचेराला साधारण ९०० मीटर लांबीची तटबंदी आहे, पण ते आडबाजूला पडतं, किल्ल्यांचं वेड खरोखरच हाताबाहेर गेलेलं असेल तरच जा.

प्रश्न : आईला घेऊन जातेय, वय ७२, गुडघ्यांचा त्रास. तिला तिथली देवस्थानं बघायचीत. आम्ही हिंदू, आत सोडतात का? पायऱ्या किती? काही नियम?

सोडतात, कोणी धर्म विचारत नाही, दर्शनाला तिकीटही नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे आईंची साडी किंवा पंजाबी ड्रेस उत्तम, अडचण होते ती शॉर्ट्सवाल्या नातवंडांची. प्रार्थना चालू असेल तेव्हा फोटो नको आणि इकडे तिकडे फिरणं नको, मागच्या बाकावर शांत बसायचं. एक गोष्ट मात्र आईंना आधीच सांगून ठेवा, शेवटी लोक रांग लावून पाद्रींकडून पांढरी चकतीसारखी पोळी घेतात, तो आपल्यासारखा सगळ्यांना वाटायचा प्रसाद नाही, फक्त त्यांच्यातल्या दीक्षा घेतलेल्या लोकांसाठी असतो, रांगेत उभं राहू नका. बरीच आपली मंडळी भक्तिभावाने उभी राहतात आणि मग दोन्हीकडे अवघडल्यासारखं होतं.

आता जागा. मोंते सांतांजेलो हे गार्गानोच्या डोंगरावर साधारण ८०० मीटरवर, देवदूत मिखाएलचं स्थान, आणि गाभारा म्हणजे खरीखुरी गुहा. परंपरेने पहिला साक्षात्कार सन ४९० चा मानतात. तिथे गंमत अशी की देवाकडे जायला चढायचं नाही, उतरायचं असतं, ८६ पायऱ्या खाली. अर्थात परत येताना त्याच ८६ वर. गुडघ्यांना हे जड जाईल, पण घाई नसेल, मध्ये थांबत थांबत गेलात तर अगदीच अशक्य नाही, आईंना स्वतःला ठरवू द्या. खाली कॉन्स्टॅंटिनोपलमध्ये घडवलेले १०७६ चे ब्राँझचे दरवाजे आहेत, लोक त्यांच्याकडे न बघता सरळ आत घुसतात, तसं करू नका. आणि दगडांवर नीट बघा, जुन्या यात्रेकरूंनी स्वतःच्या हाताची, पावलाची बाह्यरेषा कोरून ठेवलीये, कुठे बोटं आखूड कुठे लांब, आपण इथवर पोचलो होतो याची खूण. पार इंग्लंडकडून आलेल्यांनी त्यांच्या रून लिपीत नावंही कोरलीयत. वर गावात 'ओस्तिए रिपिएने' घ्या, दोन पातळ पापडीसारख्या चकत्यांमध्ये मध आणि बदाम, आईंना उपासाला चालेल का ते मला विचारू नका.

तिथून २५ किलोमीटरवर सान जोव्हान्नी रोतोंदो, पाद्रे पिओंचं गाव. हे गृहस्थ १९६८ मध्ये वारले, २००२ मध्ये त्यांना संत घोषित केलं, म्हणजे हे देवस्थान अगदी आपल्या डोळ्यांदेखत उभं राहिलंय. नवीन भव्य चर्च रेन्झो पियानो या नामांकित आर्किटेक्टने बांधलं, २००४ मध्ये उघडलं. गुडघ्यांना हे सोपं. पण मनापासून सांगते, मला स्वतःला तिथली हॉटेलं आणि दुकानांची गर्दी बघून जरा उदासच वाटलं, त्यापेक्षा त्यांनीच उभारलेलं १९५६ चं हॉस्पिटल जास्त भावलं, आजही चालू आहे, मोठं नावाजलेलं आहे.

आणि बारीत राहणार असाल तर सान निकोलाचं चर्च. तुर्कस्तानातल्या मायरा गावातून बारीच्या खलाशांनी १०८७ मध्ये संत निकोलसच्या अस्थी आणल्या (आणल्या म्हणजे, स्पष्टच बोलायचं तर पळवून आणल्या!), हेच ते निकोलस ज्यांच्यावरून पुढे सांताक्लॉज झाला. अस्थी तळघरात आहेत, थोड्याच पायऱ्या. तिथे कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स दोन्ही पंथांचे लोक येतात, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका जाळीपाशी कपाळ टेकून बराच वेळ तशाच उभ्या असतात. माझ्या मते आईंना हेच सगळ्यात जास्त आवडेल. मे महिन्यात ७ ते ९ तारखेला उत्सव असतो, गर्दी सोसत असेल तरच तेव्हा जा.

प्रश्न : बीचवर म्हणे पैसे देऊन बसावं लागतं, खरं का? आणि चांगला बीच कुठला?

अर्धं खरं. 'लीदो' म्हणजे खाजगी चालवलेला भाग, तिथे छत्री आणि आरामखुर्च्या भाड्याने, पाण्याजवळची पहिली रांग सगळ्यात महाग, ऑगस्टमध्ये तर आधी बुकिंग केल्याशिवाय मिळतच नाही. 'स्पियाज्जा लिबेरा' लिहिलं असेल तो फुकट, आपला टॉवेल आपली छत्री. लीदोसमोरूनही पाण्याला लागून असलेल्या पट्टीवरून कोणालाही चालत जाता येतं, अडवलं तर घाबरू नका, फक्त तिथे पसारा मांडून बसता येत नाही.

चांगला बीच कुठला हे खाली सालेन्तोत, म्हणजे बुटाच्या टाचेत, वाऱ्यावर ठरतं आणि तिथली माणसं रोज सकाळी आधी तेच बघतात. टाचेच्या एका बाजूला अॅड्रिआटिक आणि दुसऱ्या बाजूला आयोनियन. उत्तरेकडून त्रामोन्ताना सुटला असेल तर आयोनियन बाजू शांत, म्हणजे पोर्तो चेझारेओ, गाल्लीपोली, पेस्कोलुझे. दक्षिणेचा दमट शिरोक्को असेल तर उलट, तोर्रे देल्लोर्सो, ओत्रांतोच्या वरची बाया देई तुर्की वगैरे. हॉटेलवाल्याला सकाळी चहाच्या वेळी एवढंच विचारायचं, आज वारा कुठला? लहान मुलं असतील तर आयोनियन बाजूची वाळू आणि उथळ पाणी बरं.

पोलिन्यानो आ मारेचा तो दोन कड्यांमधला फेमस बीच वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, रबरी चपला न्या, आणि जुलैमध्ये तिथे टॉवेल टाकायला जागा मिळाली तर लॉटरीचं तिकीटही काढा. त्यापेक्षा पुलावर उभं राहून बघा आणि पुढे चला. गार्गानोत व्हिएस्तेला पित्सोमुन्नो नावाचा पांढऱ्या दगडाचा २५ मीटर उंच सुळका बीचवर एकटाच उभा आहे, तिथे वाळू छान. आणि हो, वाळू, गोटे, शिंपले आठवण म्हणून बॅगेत भरू नका, बेकायदेशीर आहे, दंड होतो.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी राहू का?

उलट इटलीत सगळ्यात कमी उपाशी राहाल ते इथे, कारण हा मुळात गरीब शेतकऱ्यांचा मुलूख, जेवण भाज्या-कडधान्यांचं. 'फावे ए चिकोरिए' मागवा, वाळलेल्या बाकल्याची घोटून केलेली घट्ट पिवळसर पेस्ट, बाजूला कडसर पालेभाजी, वरून कच्चं ऑलिव्ह तेल, पहिल्या घासाला पिठलं आठवेल. बारीची फोकाच्चा, टोमॅटो-ऑलिव्हवाली, बेकरीत गरम मिळते, कागदात गुंडाळून उभ्या उभ्या खायची. पास्ताही इथला पारंपरिक बिनअंड्याचा, नुसता रवा आणि पाणी. बारीच्या जुन्या भागात बायका घरासमोर टेबल टाकून बोटाने दाबून दाबून ओरेक्येत्ते करत बसलेल्या दिसतील.

पण जिथे फसतात ते सांगते. ओरेक्येत्ते बरोबर जी 'चिमे दी रापा' ची भाजी येते तिच्यात बहुतेक वेळा आच्चुगे, म्हणजे खारवलेला बारीक मासा विरघळवलेला असतो, दिसत नाही. 'सेन्झा आच्चुगे' म्हणायचं. लेच्चेचा प्रसिद्ध पास्तिच्चोत्तो सोडा, त्यात अंड्याचं क्रीम आणि पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी. बुर्राता हे चीज आंद्रियाचं, अप्रतिम, पण चीज घट्ट करायला सहसा प्राण्यांचं रेनेट वापरतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीजच टाळावं, विचारून फारसा उपयोग नाही, वेटर प्रेमाने 'हो हो व्हेजिटेरियन' म्हणतो. रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आधी मिळत नाही, मुलांसाठी पिशवीत ताराल्ली (छोटी कुरकुरीत खारी कडी) ठेवा. बिलात माणशी एक-दोन युरो 'कोपेर्तो' लागेल, ती फसवणूक नाही, बसण्याचे पैसे आहेत.

प्रश्न : मी एकटी जातेय, गाडी चालवत नाही. ट्रेनवर जमेल?

मस्त जमेल, फक्त बारीलाच मुक्काम ठेव. रोमहून बारी फास्ट ट्रेनने चारेक तास. बारीहून एका बाजूला त्रानी, दुसऱ्या बाजूला पोलिन्यानो, मोनोपोली, ओस्तुनी, लेच्चे हे सगळं एकाच मेन लाइनवर. ओस्तुनीचं स्टेशन गावापासून दोन-तीन किलोमीटर लांब आहे तेवढं लक्षात ठेव. अल्बेरोबेल्लो आणि माटेराला वेगळ्या छोट्या कंपन्यांच्या गाड्या जातात, रविवारी त्यांचं वेळापत्रक पार बदलतं, कधी ट्रेनऐवजी बस असते, त्यामुळे रविवार मेन लाइनसाठी ठेव. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये छाप मारून घ्यायची, नाहीतर तिकीट असूनही दंड. गार्गानो आणि कास्तेल देल मोन्ते मात्र गाडीशिवाय कटकटीचं आहे, जीव काढू नकोस.

प्रश्न : भाड्याची गाडी घ्यायचीय. आपलं लायसन्स चालतं?

बरोबर इंटरनॅशनल परमिट हवं, ते निघण्याआधी इथेच काढायचं. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुकिंगलाच सांगा, नाहीतर गिअरवाली देतील. 'झेडटीएल' असा बोर्ड दिसला की आत शिरायचं नाही, जुन्या गावांचा तो बंद भाग असतो, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी कधी कधी महिन्यांनंतर घरी येते, भाडेकंपनी तिच्यावर स्वतःचे पैसे वेगळे लावते. निळ्या रेषांत पार्किंगचे पैसे, पांढऱ्यात फुकट.

प्रश्न : ओत्रांतोच्या चर्चमध्ये कवट्या ठेवल्यायत म्हणे. मुलगा सात वर्षांचा, दाखवावं का?

मुलगा घाबरट असेल तर उजवीकडच्या त्या चॅपेलमध्ये नेऊ नका, काचेच्या कपाटांत छतापर्यंत कवट्या आणि हाडं रचलेली आहेत. १४८० मध्ये ऑटोमन सैन्याने शहर घेतलं आणि परंपरेनुसार ८१३ माणसांची मुंडकी उडवली, त्यांच्या त्या अस्थी. २०१३ मध्ये त्यांना संतपद दिलं.

पण चर्च चुकवू नका, कारण मुलासाठी खरा खजिना जमिनीवर आहे. ११६३ ते ११६५ मध्ये पान्तालेओने नावाच्या साधूने अख्ख्या चर्चची फरशी मोझेइकने भरली, मधोमध एक लांबच लांब झाड, दरवाजापासून थेट वेदीकडे वाढत गेलेलं, आणि ते झाड उभं कशावर आहे, तर दोन हत्तींवर! फांद्यांमध्ये नोहाची नौका, बाबेलचा मनोरा, सिकंदर, राजा आर्थर, बारा महिन्यांची शेतीची कामं, आणि काही प्राणी असे की देवालाही ओळखू येणार नाहीत. मुलाला आधी हत्ती शोधायला लावा, मग सिकंदर, तासभर कसा गेला कळणार नाही. फरशीवर दोऱ्या लावलेल्या असतात, त्या ओलांडू देऊ नका. बाहेर आल्यावर समोरच किल्ला आणि पाच मिनिटांवर पोहायला पाणी.

प्रश्न : ऑगस्टमध्येच सुट्टी आहे, काय करू?

१५ ऑगस्टच्या आसपासचा आठवडा टाळता आला तर टाळा, तेव्हा अख्खी इटली समुद्रावर असते. टाळता येत नसेल तर मुक्काम किनाऱ्यापासून आत कुठेतरी घ्या, बीच सकाळी नऊच्या आत आणि किल्ले-चर्चेस शेवटच्या तासात. सालेन्तोत त्या महिन्यात गावोगावी पित्सिकाच्या नाचगाण्याचे कार्यक्रम असतात, मेलपिन्यानोचा सगळ्यात मोठा, तारखा बघून ठेवा. हॉटेल आजच बुक करा, आणि एसी आहे का ते फोन करून विचारा, फोटोवर जाऊ नका.